बदलायचं की शोधायचं?

रांजणखळग्यांचं निघोज पारनेर तालुक्यात. हे निघोजे खेड तालुक्यातलं, इंद्रायणीच्या उत्तरेचं. नदी ओलांडली की तळवड्याचं आयटी पार्क, आणि अलीकडे चाकणची औद्योगिक वसाहत. महिंद्राचा वाहन कारखाना याच गावच्या शिवारात आहे, २०१० पासून चालू. अशा कारखान्यांना सुटे भाग देणारे पुरवठादार आणि त्या पुरवठादारांना फिक्स्चर, गेज, डाय करून देणारी छोटी वर्कशॉपं या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. पत्र्याची शेड, दोन-तीन व्हीएमसी (संगणकी प्रोग्रॅमवर चालणारी मिलिंग मशिनं), वेल्डिंग, कॉम्प्रेसर, आणि कोपऱ्यात काचेचं पार्टिशन घालून केलेली केबिन. त्या केबिनमध्ये एक संगणक असतो. ड्रॉइंग त्यावर उघडतं, टूलपाथ (हत्याराचा मार्ग) त्यावर निघतो, प्रोग्रॅम तिथून मशीनला जातो. तो उभा राहिला की शेडमधली लाखो रुपयांची मशिनं उभी राहतात.

साफ बंद पडलेला संगणक दुरुस्त करणं त्या मानानं सोपं असतं. दोष समोर असतो, मोजता येतो. छळतो तो येणारा-जाणारा बिघाड. मेकॅनिक आला की संगणक सरळ वागतो, त्याची गाडी मोशी ओलांडते न ओलांडते तोच पुन्हा पडतो. अशा बिघाडाचं काय करावं यावर दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतं धरणारी माणसं आपापल्या कामात हुशार असतात. खालचा संवाद मी रचलेला आहे. मामा टूलरूममध्ये घडलेला, आता स्वतःचं वर्कशॉप असलेला. भाची नदीपलीकडे सर्व्हर सांभाळणारी. माणसं कल्पित आहेत. वाद कल्पित नाही.

मामा : तीन दिवसांतून एकदा पडतो. कधी निळी स्क्रीन, कधी नुसताच रिस्टार्ट, कधी स्क्रीन गोठते आणि माउस हलत नाही. परवा टूलपाथ निघता निघता गेला, सकाळपासूनचं काम पाण्यात. दुकानवाला म्हणाला, विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारतो. मारलं. चार दिवस बरा चालला, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

भाची : निळ्या स्क्रीनवर काय लिहून येतं?

मामा : फोटो काढून ठेवलेत बघ. दर वेळी निराळंच.

भाची : एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा भलत्याच ड्रायव्हरचं नाव, एकदा हार्डवेअर एरर. आणि लॉगमध्ये जागोजागी कर्नल-पॉवर ४१. हा ४१ नंबर बघून लोक एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलायला धावतात. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. का, ते तो सांगत नाही. पण कोड दर वेळी बदलतोय ही खूण कामाची आहे. सॉफ्टवेअरचा दोष असला तर तो बहुतेक वेळा त्याच ठिकाणी, तेच नाव घेऊन येतो. जागा बदलत राहिली की संशय हार्डवेअरवर. मामा, माझं ऐक. रॅमच्या दोन्ही स्टिक नव्या टाक, एसएमपीएस नवा टाक, संध्याकाळी मोकळा हो.

मामा : आणि दोष यूपीएसमध्ये असला तर? नाहीतर अर्थिंगमध्ये? नवा एसएमपीएससुद्धा तसाच मरेल. माझ्या शेडमध्ये कारण कळल्याशिवाय पार्ट बदलत नाहीत, पोरी. गिऱ्हाइकाकडून एक पीस परत आला तर एट-डी रिपोर्ट लिहावा लागतो. पाच वेळा 'का' विचारायचं, शेवटच्या 'का'पर्यंत जायचं. 'सेन्सर बदलला, आता चालतंय' असं लिहिलं की रिपोर्ट तसाच माघारी येतो. चालतंय हे उत्तर नाही.

भाची : आमच्याकडे चालतंय हेच उत्तर असतं. हजारो सर्व्हर आहेत. एखादा गडबडला की कामातून काढतात, त्याचं काम दुसऱ्यावर टाकतात, संशयित पार्ट बदलतात. त्यामागे हिशेब आहे. २००९ मध्ये गूगलच्या हजारो मशिनींवरच्या रॅमच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात शंभरातल्या आठाहून जास्त मॉड्यूलमध्ये चूक नोंदली गेली होती. मशिनींचं बघितलं तर साधारण तिसरा हिस्सा. आणि ज्या मॉड्यूलनं एकदा चूक केली, ते पुन्हा करण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. मग एकेकाची चौकशी करत बसायचं कशाला? काढायचं आणि टाकायचं.

मामा : हजारो आहेत म्हणून ते परवडतं. चुकीचा पार्ट बदलला तरी सरासरीत ते बरोबरच ठरतात. माझ्याकडे एकच आहे. त्याची सरासरी कुठून काढू?

मला वाटतं वादाची खरी गाठ इथे आहे. हजार यंत्रं सांभाळणाऱ्याला समूहाचं ज्ञान पुरतं. कोणता पार्ट किती वेळा जातो हे ठाऊक असलं की त्याचा निर्णय बहुतेकदा बरोबर येतो. एकच यंत्र असलेल्या माणसाला त्या यंत्राची हकीकत लागते. आपल्याकडे संगणक दुरुस्तीचं जे चालतं त्यात दोन्ही नसतात. दुकानदाराकडे नोंदी नसतात, आणि या एका संगणकाचं ऐकून घ्यायला वेळही नसतो. म्हणून फॉरमॅट. मालकाचा निम्मा दिवस त्यात जातो आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

मामा : मी मीटर लावून बघितलं. बारा व्होल्टच्या लाइनला बारा पूर्णांक एक दाखवतो. म्हणजे एसएमपीएस ठीक.

भाची : मानकाप्रमाणे ११.४ ते १२.६ चालतं, तेव्हा आकडा चांगला आहे. पण मीटर सरासरी दाखवतो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात व्होल्टेज खाली जाऊन वर आलं तर मीटरला कळतसुद्धा नाही. भिंतीतली वीज गेल्यावर पूर्ण भार असताना चांगला एसएमपीएस साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. आपल्या विजेची एक फेरी वीस मिलिसेकंदांची. एक फेरी चुकली आणि यूपीएसनं वेळेत उचललं नाही की संगणक रिस्टार्ट. दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मामा : मग तेच म्हणतोय मी! कॉम्प्रेसर सुरू होताना ट्यूब मिचकते. वेल्डिंग केबिनच्याच डिस्ट्रिब्यूशन बोर्डावर आहे. न्यूट्रल ढिला असला तर एका फेजवर दोनशे, दुसरीवर पावणेतीनशे. मुळावर घाव घालायचा तर आधी वायरिंग. आणखी एक सांगू? गुरुवारी हा कधी पडत नाही.

बाहेरच्या वाचकासाठी : पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शेडमधली मशिनं त्या दिवशी थंड असतात. पण लांबलचक टूलपाथचं गणित लावून संगणक चालू ठेवायला तोच दिवस सोयीचा, कारण कुणी मध्येच काही मागत नाही.

भाची : किती गुरुवार बघितलेस?

मामा : चार. चारही कोरे गेले. बाकी दिवशी पडतो.

भाची : हे कागदावर मांडू. तीन दिवसांत सरासरी एक बिघाड. चार दिवसांत सव्वा-दीड अपेक्षित. अपेक्षा एवढी कमी असताना एकही न येण्याची शक्यता किती? पंचवीस-सव्वीस टक्के निघते. म्हणजे गुरुवारचा आणि बिघाडाचा काडीचाही संबंध नसला, तरी चारातल्या एका वर्कशॉपला असे चार कोरे गुरुवार दिसणारच. त्यावर वायरिंग उपटायला निघू नकोस.

मामा : मग किती गुरुवार पाहिजेत?

भाची : नऊ. सरासरी अंतराच्या तिप्पट काळ बिघाडाविना गेला, तर तो निव्वळ नशिबानं गेला असण्याची शक्यता पाच टक्क्यांवर येते. तीन दिवसांनी पडणारा संगणक असेल तर नऊ दिवस. महिन्यानं पडणारा असेल तर तीन महिने. फॉरमॅटनंतर चार दिवस चालला म्हणून तुला बरं वाटलं होतं ना? ते चार दिवससुद्धा याच हिशेबात बसतात. त्यातून काहीच सिद्ध झालं नाही.

या तिपटीच्या हिशेबावर मला थोडं थांबायचं आहे, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाच्या दुरुस्तीत सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. काहीतरी केलं, दोन दिवस संगणक नीट चालला, ज्यानं जे केलं ते औषध ठरलं. कुणी रॅमच्या कडेवर खोडरबर घासतो, कुणी कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवतो, कुणी टेबलाची जागा बदलतो. एखाद्या वेळी खोडरबरानं खरंच काम होतं, कारण संपर्कावरचा थर निघतो आणि स्टिक काढून पुन्हा घट्ट बसवली जाते. पण रबर कडेवरचा सोन्याचा पातळ मुलामाही झिजवतो. स्वच्छ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल असताना रबर कशाला? आणि उपाय लागू पडला की नाही हे ठरवायला किती दिवस थांबायचं, हे उपाय करण्याच्या आधी ठरवलेलं असलं पाहिजे. नंतर ठरवलं की माणूस आपल्या सोयीचे दिवस मोजतो.

मामा : बरं, वायरिंग राहू दे. उष्णता? पत्र्याखाली एप्रिलमध्ये चाळिशी पार होते. वर तेलाची वाफ, लोखंडाची भुकटी.

भाची : भुकटी काढच. धातूची आहे, वीज वाहून नेते. पण उष्णतेचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. गूगलच्या त्याच अभ्यासात तापमानाचा रॅमच्या चुकांवर फारसा परिणाम दिसला नव्हता.

मामा : त्यांचं रॅमचं झालं. कपॅसिटरचं काय? मोटारींचे, पंख्यांचे कपॅसिटर मी आयुष्यभर बदलत आलोय. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं.

भाची : एसएमपीएसमधल्या आणि जुन्या बोर्डांवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना तो ठोकताळा लागू आहे, हे मान्य. आणि त्याचा इतिहासही मोठा आहे. २००० च्या आसपासच्या काही वर्षांत बनलेल्या मदरबोर्डांवरचे कपॅसिटर जगभर फुगले, फुटले. आतला इलेक्ट्रोलाइट सदोष होता. असे बोर्ड बदलून देण्यासाठी डेल कंपनीनं २००५ मध्ये सुमारे तीस कोटी डॉलर बाजूला काढले होते.

मामा : बघ! ज्यांनी बोर्ड बदलताना त्याच लॉटचा दुसरा बोर्ड लावला, त्यांचं काय झालं असेल?

मामाच्या बाजूनं मी एक जुना दाखला जोडतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या मेमरी चिपमध्ये अधूनमधून एखादा बिट आपोआप उलटायचा. चिप तपासली तर धडधाकट. टिमथी मे आणि मरे वुड्स या दोघांनी कारण शोधून काढलं. चिपच्या सिरॅमिक वेष्टनात युरेनियम-थोरियमचा अंश होता, त्यातून सुटणारे अल्फा कण साठवलेला भार पुसून टाकत होते. चिप बदलून हा प्रश्न कितीही वर्षं सुटला नसता, कारण नवी चिप त्याच मातीच्या वेष्टनात आली असती.

पण भाचीच्या बाजूचा दाखलाही तितकाच वजनदार आहे, आणि तो अगदी अलीकडचा आहे.

भाची : २०२४ मधलं सांगते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही महागड्या प्रोसेसरवर गेम चालू करताना संदेश यायचा, व्हिडिओ मेमरी संपली. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. कार्डाचा दोष नव्हताच. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं, त्यानं तो आतून झिजत होता. कंपनीनं ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्याचा प्रोसेसर आधीच झिजला होता त्याला त्या दुरुस्तीचा उपयोग नव्हता, त्याला प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागला. आता सांग, निघोज्यात बसून पाच वेळा 'का' विचारून हे कारण तुला सापडलं असतं? ते शोधायला ज्यांनी चिप बनवली त्यांनाच महिने लागले. इथे तुझ्या हातात एकच होतं, दुसरा प्रोसेसर लावून बघणं.

मामा : लावून बघणं वेगळं आणि बदलून टाकणं वेगळं. व्हीएमसीवर एक्स अक्षाचा अलार्म आला तर आम्ही एक्सचा सर्व्हो ड्राइव्ह वायला लावतो, वायचा एक्सला. अलार्म एक्सवरच राहिला तर मोटार नाहीतर केबल. अलार्म ड्राइव्हबरोबर वायवर गेला तर ड्राइव्ह. नवा पार्ट अजून आणलेलाच नाही आणि दोष कुठे आहे ते कळलं. तू दोन स्टिक आणि एसएमपीएस एकदम बदलायला सांगतेस. चाललाच, तर कशानं चालला?

भाची : हे मात्र खरं. एकदम तीन गोष्टी बदलायला नकोत. मग तुझ्या पद्धतीनं करू. आधी बायोसमध्ये जाऊन रॅमचा वाढीव वेग बंद करते, एक्सएमपी. रॅम वाढीव वेगावर चालवणं म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे, आणि जुळवणाऱ्यानं ते न सांगता चालू करून ठेवलेलं असतं. मग मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, रात्रभर. चुका आल्या तर एकेक स्टिक, एकेका स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर फिरते की स्लॉटला चिकटून राहते ते बघू.

मामा : आणि चुका नाहीच आल्या तर रॅम चांगली?

भाची : नाही. चुका आल्या तर बिघाड नक्की. नाही आल्या तर फक्त एवढंच कळलं की त्या रात्री, त्या भारावर आल्या नाहीत.

चाचणी रात्रभर चालली. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या. वाढीव वेग बंद असूनही. पहिली स्टिक एकटी ठेवली, चुका. दुसरी एकटी ठेवली, चुका. स्लॉट बदलला, तरी चुका. आदल्या दिवशी भाचीचं ऐकून दोन्ही स्टिक नव्या आणल्या असत्या तर त्या पैशाला काही अर्थ उरला नसता. दोन्ही स्टिक एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं खराब होणं अशक्य नाही, पण दोन्हींच्या मागे एकच कारण असणं जास्त संभवतं. रॅममध्ये चूक दिसते याचा अर्थ रॅम खराब आहे असा होत नाही. तिला मिळणारी वीज, ती हाताळणारा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, बोर्डावरच्या रेषा, यांतलं काहीही बिघडलं तरी चूक रॅमच्या नावावर जमा होते.

भाचीनं शेजारच्या बिलिंगच्या संगणकातला एसएमपीएस काढून याला लावला. दुसरी रात्र कोरी गेली.

भाची : झालं. एसएमपीएस. नवा आणते.

मामा : एक रात्र कोरी गेली म्हणून झालं? परवा तूच मला चार गुरुवारांचं गणित शिकवलंस.

भाची : इथे अंतर तीन दिवसांचं नाही, मामा. जुन्या एसएमपीएसवर मेमटेस्ट तासाभरात चुका दाखवत होतं. दहा तास कोरे म्हणजे तिपटीच्या कितीतरी पुढे. मेमटेस्ट चालवण्याचं हेच तर कारण. तीन दिवसांनी दिसणारा बिघाड तासात दिसायला लागला, की शोधणं परवडतं.

मामा : बरं. मला आता दुसरंच सतावतंय. रॅममध्ये चुका येत होत्या ना? म्हणजे संगणक पडला नाही, तेव्हाही येत असतील?

भाची : ...असतील.

मामा : आणि त्या वेळात प्रोग्रॅम निघत होते.

मला सांगायचं आहे ते इथे येऊन पोचलं. इतका वेळ दोघंही बंद पडण्याला बिघाड समजत होते. संगणक पडला तर निदान दिसतं तरी. त्याच दोषानं संगणक न पडता एखादा आकडा बदलला, तर दिसत नाही. मशीनच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अंक आठ बिटांत लिहिलेला असतो. '१' म्हणजे ००११०००१. '५' म्हणजे ००११०१०१. दोन्हींत फरक एका बिटाचा. झेड वजा १.५ मिलिमीटर अशी ओळ असेल आणि तो एक बिट उलटला, तर तीच ओळ झेड वजा ५.५ होते. वाचायला बिनचूक, मशीनला मान्य, कुठलाही अलार्म नाही. टूल चार मिलिमीटर जास्त खोल घुसतो. जॉब गेला, टूल गेला, स्पिंडलचं नशीब.

बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक इथे एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा मिळाली होती. शक्य होती त्याहून जास्त मतं दिसली म्हणून चूक उघडकीस आली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एकच बिट. चौकशीत सॉफ्टवेअरचा दोष सापडला नाही, बिट आपोआप उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. जादा मतं चारच असती तर कुणाच्या लक्षात आलं असतं?

रिचर्ड हॅमिंग १९४० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत रिलेंच्या गणकयंत्रावर काम करत. सुट्टीच्या दिवसांत यंत्र एकटंच चालायचं, आणि चूक आढळली की ते काम तसंच टाकून पुढच्या कामाला लागायचं. सोमवारी येऊन बघावं तर उत्तर नाही. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर कुठे झाली तेही त्याला का कळू नये, या प्रश्नातून त्यांनी चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धत बांधली आणि १९५० मध्ये प्रसिद्ध केली. त्या कल्पनेवर उभी असलेली ईसीसी मेमरी आज सर्व्हरमध्ये सर्रास असते. मोटारीतल्या सुरक्षेच्या नियंत्रकांमध्येही ती असते, शिवाय दोन प्रोसेसर-गाभे तेच गणित बरोबरीनं करतात आणि उत्तरं पडताळून घेतात. या गावच्या शिवारात बनणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग ज्या संगणकावर आखले जातात, त्या केबिनमधल्या संगणकात मात्र बहुधा साधी रॅम असते. हे मला खटकतं. ईसीसी रॅम आणि ती चालवणारा बोर्ड घरगुती जुळणीपेक्षा महाग पडतो हे खरं आहे. तो खर्च एका मोडलेल्या स्पिंडलच्या बिलाशेजारी ठेवून बघावा.

भाची : बिघाड सुरू झाल्यापासूनचे सगळे प्रोग्रॅम संशयित धरावे लागतील.

मामा : सस्पेक्ट लॉट. हे आम्हाला कळतं. एखादा गेज चुकीचा निघाला तर तो बदलून आम्ही मोकळे होत नाही. मागच्या कॅलिब्रेशनपासून त्या गेजवर जे जे तपासलं, ते सगळं बाजूला काढतो. तू पहिल्या दिवशी सगळं बदलून दिलं असतंस, संगणक झकास चालला असता, आणि हा प्रश्न आपण विचारलाच नसता.

भाची : कबूल. नुसता रिस्टार्ट होणारा एसएमपीएस असता तर जुन्या फायलींना धोका कमी होता. रॅममध्ये चुका पाडणारा निघाला, म्हणून हे आलं. हा फरक कारण शोधल्याशिवाय कळला नसता.

मामा : तपासायचं कसं?

भाची : मूळ मॉडेल आहेत ना? माझ्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती, तीच सेटिंगं घेऊन पुन्हा टूलपाथ काढायचा आणि जुन्या फायलीशी ओळीला ओळ लावायची. वरची तारीख-वेळ सोडून काही वेगळं निघालं तर ती फाइल बाद. मूळ मॉडेलसुद्धा या संगणकावर साठवलेली असतील, तर गिऱ्हाइकानं मेलवर पाठवलेली प्रत घ्यायची.

मामा : आणि तोवर एकही जुना प्रोग्रॅम सिम्युलेशन आणि ड्राय रनशिवाय मशीनवर चढणार नाही. पोरांना आजच सांगतो.

भाची : मग नवा एसएमपीएस आणू ना?

मामा : आण. पण हा का गेला? तीनच वर्षं झालीत. यूपीएसची बॅटरी आल्यापासून बदललेली नाही, अर्थ आणि न्यूट्रलमध्ये किती व्होल्ट येतात ते कुणी बघितलेलं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून सगळे जोड आवळून घेतो, केबिनला वेल्डिंगपासून वेगळी लाइन ओढून घेतो.

भाची : कर. पण वायरिंगमुळेच गेला असं रजिस्टरमध्ये लिहू नकोस. एसएमपीएस नुसते वयानंही जातात, स्वस्तातले तर लवकर जातात. ते आपल्याला ठाऊक नाही.

मामा : लिहिणार नाही. 'संशय' म्हणून लिहीन. आणि एसएमपीएसवरचा ठपकासुद्धा अजून संशयच. आमच्यात दोष घालवून दाखवला की अर्धंच सिद्ध होतं. परत आणून दाखवावा लागतो. जुना पुन्हा लावायचा, चुका आल्या पाहिजेत. काढायचा, गेल्या पाहिजेत. कदाचित काढता-घालताना एखादा कनेक्टर नीट बसला असेल आणि एसएमपीएस निर्दोष असेल.

भाची : कामाच्या संगणकात बिघडलेला पार्ट मुद्दाम लावायचा? मी नाही लावू देणार. त्यानं बोर्ड गेला तर?

मामा : दोन तास. फक्त मेमटेस्ट, डिस्क काढून ठेवून. एकही फाइल त्यात नसेल.

भाची : ...डिस्क काढून ठेवून, दोन तास, मी समोर असताना. चुका दिसल्या की लगेच काढायचा. आणि त्यानंतर नव्या एसएमपीएसवर नऊ दिवस नुसता चाचणीचा भार. तोवर काम लॅपटॉपवर.

मामा : नऊ दिवसांत गुरुवार येतो. तो मोजायचा नाही, शेड बंद असते.

भाची : मग दहा. दोन गुरुवार आले तर अकरा.